पाणमाळाची वाट

पाणमाळावरची माणसं कायमची खाली उतरली, त्या दिवशी आवडाबाई सगळ्यांच्या मागं राहिली. म्हशी पुढं गेल्या, डोक्यावर मडकी-गाडगी घेतलेल्या बायका गेल्या, म्हातारी माणसं काठी टेकत गेली. मोडलेल्या घरांचे वासेसुद्धा गड्यांनी खांद्यावर घालून नेले. ती मात्र माळाच्या समुद्राकडच्या कडेला हिरड्याच्या झाडाखाली बसून राहिली. तिथं तिची शकू होती.

मांडव्याच्या बंदरातून आत पाहिलं की भातखाचरांच्या पलीकडं डोंगराची लांबलचक ओळ दिसते. त्यातल्या एका सपाट माथ्याला खालची माणसं पाणमाळ म्हणत, कारण तिथला झरा वैशाखातही आटत नसे. गवळ्यांची सात-आठ घरं तिथं कित्येक पिढ्या राहत होती. म्हशी राखायच्या, दूध-लोणी खालच्या गावांत नेऊन घालायचं, उतारावर नाचणी-वरी पेरायची, असा त्यांचा संसार. आवडाबाई तिथंच जन्मली आणि लग्न होऊन दोन घरं पलीकडं भागोजीच्या घरात गेली. जिची वरात तिच्या स्वतःच्याच अंगणावरून गेली अशी नवरी म्हणून बायका तिला हसत.

शकू नवससायासांनी झालेली. बोलायला लागली ती थांबलीच नाही. म्हशींशी बोलायची, चुलीशी बोलायची, हिरड्याखाली बसून समुद्रातल्या शिडांशी बोलायची. ही शिडं रात्री कुठं निजतात, असं तिनं एकदा बापाला विचारलं आणि भागोजीला उत्तर देता आलं नाही, म्हणून ती दिवसभर त्याच्यावर रुसून बसली.

चौथं सरून पाचवं लागलं होतं, तेव्हा श्रावणात तिला ताप भरला. पाऊस असा लागून राहिला होता की वाटेवर पाय ठरत नव्हता. भागोजी तरी उतरला. खालच्या वैद्याकडून काढा घेऊन तो वर आला, तोवर पोर बोलायची थांबली होती. दुसऱ्या दिवशी गेली.

लहान मुलाला जाळत नाहीत. तिची आवडती जागा म्हणून भागोजीनं हिरड्याखालीच खणलं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून आवडाबाईनं झऱ्यातले गोल दगड वाहून आणले आणि वर रचले. पुरे झाले, असं शेजारणी म्हणाल्या. ती आणतच राहिली.

आणि त्यानंतर वर्षभरातच सरकारचा हुकूम आला. रान राखीव झालं होतं ते आधीच, पण आता वर वस्ती नको, गुरं नकोत, चूलही नको असं ठरलं. म्हाताऱ्यांनी हातापाया पडून पाहिलं. काही झालं नाही. अशा रीतीनं पाणमाळ उठला.

बाकीची माणसं पार खालच्या वळणावर गेली, तेव्हा भागोजी तिला शोधत परत वर आला. तो तिच्याजवळ बसला. म्हणाला, "चल. रान कुठं जातंय? मी आनीन तुला वर." त्याच्या या बोलण्यावर ती उठली.

*

पायथ्याच्या वावळोली गावानं शेवटच्या खाचरापलीकडं गवळ्यांना जागा दिली. हळूहळू घरं पांगली. कुणी मुंबईला गोदीत गेलं, कुणी पेणकडं नातलगांत. भागोजी आणि आवडाबाई तेवढी राहिली. ती तिथून हलायलाच तयार नव्हती. तिच्या दारापासून पाणमाळाची वाट निघत होती.

भागोजीला डोंगराचा कोपरान् कोपरा माहीत, म्हणून जंगलखात्यात त्याला रखवालदाराची नोकरी लागली. खाकी डगला आणि पितळी बिल्ला मिळाला. ज्या रानातून त्याला उठवलं त्याच रानात दुसरं कुणी शिरू नये म्हणून तो फिरू लागला. गावातली माणसं यावरून त्याची चेष्टा करत. आवडाबाईला मात्र त्या बिल्ल्याचा आधार वाटे, कारण त्याच्या जोरावर तिला वर जाता येई. दर श्रावणात भागोजी तिला घेऊन जायचा. ती दगडांमधलं गवत उपटायची, घरंगळलेला दगड परत जागेवर ठेवायची, आणि मग थोडा वेळ शकूला गावातल्या गोष्टी सांगत बसायची. त्या वेळी भागोजी झऱ्याकडं जाऊन थांबायचा. तिचं बोलणं त्याला ऐकवत नसे.

मग एका भादव्यात गवताचा भारा घेऊन बांधावरून उतरताना तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड सांधलं, पण वाकडं. सपाटीवर ती लंगडत चाले, पण चढ आला की कळ डोक्यापर्यंत जाई. डोंगर चढणं संपलं. पुढच्या श्रावणात भागोजी एकटाच जाऊन आला. त्यानं डगलासुद्धा उतरवला नव्हता, तोच तिनं विचारायला सुरुवात केली.

"दगड हायत?"

"हायत."

"गवत?"

"काढलं समदं."

एवढ्यावर तिला ते वर्ष काढायचं होतं, आणि तिनं काढलं.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमारास जंगलखात्यात एक नवा साहेब आला. माणूस वाईट नव्हता. हिंडायची हौस असलेला होता. पाणमाळावर उभं राहून त्यानं समुद्र पाहिला, वारा अंगावर घेतला, झऱ्याचं पाणी प्यायला, आणि त्याच्या मनात आलं की अशी जागा नुसती पडून राहू नये. थंडीत मुंबईची माणसं लाँचमधून मांडव्याला, रेवसला उतरतात, अलिबागचे वकील-मास्तर बायकामुलं घेऊन कुठं तरी जायला बघतात. त्यांना वनभोजनाला ही जागा करून द्यावी. वाट रुंद करावी, झऱ्याला दगडी कुंड बांधावं, सावलीला एक शेड घालावी. कामावर देखरेख भागोजीची.

भागोजीनं जेवताना हे सांगितलं, तेव्हा आवडाबाईचा घास हातातच राहिला.

"हिरड्याला हात लावू देऊ नका कुनाला."

"न्हाय देनार," तो म्हणाला.

तो सगळा हिवाळा भागोजी हातापायांना चुना लागलेला घरी येई. रोज ती विचारी आणि रोज तो सांगे, हिरडा हाय तसा हाय. ते खरंही होतं. झाडाच्या एका फांदीलाही कुणी कोयता लावला नव्हता.

*

जागा तयार झाली आणि माणसं येऊ लागली. पण पायथ्याशी येऊन घोटाळायची. आवडाबाईच्या अंगणापुढं वाटांचा गुंता होता. एक लाकूडतोड्यांची, एक गुरांची, एक कोंडीच्या ओढ्याकडं जाणारी, आणि एक पाणमाळाची. चारी वाटा पहिल्या वळणापर्यंत सारख्याच दिसत. खात्यानं बैलगाडीच्या रस्त्यावर पाटी लावली होती. म्हशींनी अंग घासून ती पहिल्याच वर्षी आडवी केली, आणि पावसानं तिच्यावरची अक्षरं धुऊन नेली. मग टोप्या घातलेले पुरुष, पायांत बूट घातलेली मुलं आणि डबे सांभाळत चालणाऱ्या बायका आवडाबाईच्या दाराशी येऊन विचारायच्या, पाणमाळाला कुठून जायचं?

भागोजी तिला म्हणाला, तू दिवसभर बसूनच असतेस, सांगत जा. तेव्हापासून वाट दाखवायचं काम आपसूक तिच्याकडं आलं. तिला ते आवडलंही. माणसं शकूच्या अंगणात निघाली आहेत असं तिला वाटे. जाणाऱ्यांना ती हात करून वाट दाखवी, घोटभर पाणी देई, आणि संध्याकाळी माणसं परत आली की विचारी, वर वारा होता का, झरा भरून वाहतोय का, शिडं दिसली का. लोकांना वाटे, बाई मोठी हौशी आहे. माहेराहून आलेल्या माणसाला जसं खोदून खोदून विचारतात तसं ती विचारते आहे, हे त्यांना कुठून कळणार?

येणाऱ्यांमध्ये मांडव्याकडचं एक मुसलमान कुटुंब होतं. करमअलीचं स्वतःचं गलबत होतं. तो मुंबईला माल नेई-आणी. थंडीत चार दिवस घरी असला की बायको तैयबा आणि मुलगी फिरोजा यांना गाडीत घालून तो पाणमाळाला आणी. पहिल्या वर्षी आली तेव्हा फिरोजा शकूच्याच वयाची होती. बैल सोडेपर्यंत ती आवडाबाईच्या अंगणात बसली आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. कोंबडीला नाव काय, मावशीचा पाय असा का, डोंगरावर कोण राहतं, असं एकामागून एक चालू. आवडाबाईनं भाकरीच्या तुकड्यावर लोणी घालून तिच्या हातात दिलं, आणि ती खाताना तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

तेव्हापासून दिवाळी झाली की आवडाबाई लोण्याचा एक गोळा बाजूला ठेवू लागली. गाडीरस्त्यावर घुंगरांचा आवाज आला की दारात येऊन उभी राही. तैयबा शांत, कमी बोलणारी बाई होती, पण तिच्या ते लक्षात आलं होतं. ती मुद्दाम लेकीला घेऊन अंगणात बराच वेळ टेकायची आणि मगच वर जायची.

तिसऱ्या हिवाळ्यात अशीच ती मंडळी संध्याकाळी वरून आली. फिरोजा बापाच्या खांद्यावर पेंगत होती. तैयबा आवडाबाईजवळ टेकली आणि सहज म्हणाली, "ही वर गेली की खाली यायलाच मागत नाही बघा. तुमच्या मालकांनी हिरड्याला काय छान पार बांधलाय. आम्ही जेवण तिथंच मांडतो. ही तर जेवली की तिथंच अंग टाकते."

आवडाबाईला आधी नीट कळलंच नाही. "कुठल्या हिरड्याला?"

"वर हिरडा एकच हाय ना? समुद्राच्या बाजूला."

आवडाबाईनं मान हलवली. गाडी जुंपली गेली, घुंगरं लांब गेली. भागोजी घरी आला तेव्हा तिनं त्याला वाढलं आणि काही विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी भागोजी पलीकडच्या खोऱ्यात फेरीला गेल्यावर तिनं काठी घेतली आणि चढायला लागली. पहिल्या चढावरच घोटा पेटल्यासारखा झाला. ती बसायची, उठायची, दोन्ही हातांनी कारवीची झुडपं धरून स्वतःला वर ओढायची. पुढं पुढं तर ती हातापायांवर चालली. वरून उतरणारे दोन लाकूडतोडे तिला बघून थांबले. खाली नेऊन सोडतो म्हणाले. तिनं त्यांना जायला सांगितलं. माळावर पोहोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

घरांची जोती गेली होती. त्यांचे दगड काढून शेडच्या पायात घातलेले तिनं ओळखले. झऱ्याला कुंड होतं. आणि हिरड्याभोवती जांभ्या चिऱ्यांचा चौकोनी पार होता, गुडघ्याएवढा उंच, वर चुन्याचा गिलावा. त्यावर केळीच्या पानांचे तुकडे पडले होते, शेंगांची टरफलं होती. कुणीतरी कोळशानं सोंगट्यांचा पट आखला होता.

ती जवळ गेली. वाकून पदरानं तो पट पुसायला लागली. कोळसा चुन्यात मुरला होता. तो निघेना. तेवढ्यात मागून मुंबईची पाच-सहा माणसं आली, हसत, घाम पुसत. त्यांनी पारावर सतरंजी पसरली, डबे मांडले. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थाला ही बाई फार दमलेली दिसली. त्यानं सतरंजी सरकवून जागा करून दिली आणि शेजारच्या चिऱ्यावर हात थोपटत म्हणाला, "या ना बाई, इथं बसा. केवढा चढ चढून आलात."

आवडाबाई उभीच राहिली. ती माणसं जेवून, पान खाऊन, थोडी आडवी होऊन उठून गेली, तोवर ती झाडाच्या बुंध्याला धरून उभी होती.

लाकूडतोड्यांनी भागोजीला सांगितलं असावं. तो धावत आला तेव्हा दिवस कलला होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पार तिथंच होता, त्यामुळं विचारण्यासारखं आणि सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचा घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. भागोजीनं पाठ वाकवली आणि तिला पाठुंगळी घेतलं.

बराच उतार उतरल्यावर तो आपणच बोलला. त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं.

"शेड तिथंच घालनार हुते. चुन्यानं आखलंबी हुतं. पाया खनायचा हुता. मी सायबाला म्हटलं, शेड झऱ्याकडं घ्या, हितं पार बांधू, बसाया बरं. त्यानं आयकलं. चिरे मी माझ्या हातानं बसवलं. तुझं दगड आत हायत. एकबी हलवला न्हाय."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

तो चालत राहिला.

"तुझा पाय असा. म्हटलं, तुला कवा दिसनार न्हाय."

ती त्याच्या पाठीवर ताठ झाली. "उतरवा मला."

"आगं, चालवनार न्हाय तुला..."

"उतरवा."

त्यानं उतरवलं. उरलेली वाट ती बसून, घसरत, काठी रोवत उतरली. तो चार पावलं मागं राहून चालत होता, आणि तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

*

त्यानंतर त्या घरात भांडण असं झालं नाही. ती रांधायची, वाढायची, त्याचा डगला धुवायची. पण विचारणं बंद झालं. श्रावण आला तेव्हा भागोजी वर जाऊन आला आणि डगला न उतरवता दारात उभा राहिला. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

हिवाळ्यात तैयबाची गाडी आली. फिरोजा उडी मारून उतरली आणि पळत अंगणात आली. आवडाबाईनं तिला लोणी-भाकरी दिली आणि तिच्या आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. का सांगितलं, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. इतके दिवस ते कुणाशी तरी बोलायचं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं.

तैयबा ऐकता ऐकता पांढरीफटक पडली. "कबरीवर बसलो आम्ही, आवडाबाई," ती हळू म्हणाली. "लेकराच्या कबरीवर जेवलो. अल्ला माफ करो." तिनं आवडाबाईचे दोन्ही हात धरले. मग लेकीला उचलून ती गाडीत बसली. वर जायचा प्रश्नच नव्हता आता. करमअलीनं बैल वळवले.

ती परत येणार नाहीत असं आवडाबाईच्या मनातसुद्धा नव्हतं. पुढच्या दिवाळीनंतर तिनं लोणी काढून ठेवलं. ते खवट झालं तेव्हा नवं ठेवलं. होळीपर्यंत ती घुंगरांच्या आवाजाला दारात येत होती. तैयबा लाजेनं येत नव्हती, आणि हिला वाटत होतं, आपणच तिला हाकललं.

हे सगळं भागोजी बघत होता. त्यानं तोंडानं कधी काही म्हटलं नाही, पण एके दिवशी बोरीच्या काटेरी फांद्या तोडून त्यानं पाराभोवती कुंपण घातलं. लोकांनी ते काढलं. त्यानं परत घातलं. मग तो स्वतःच तिथं काठी घेऊन उभा राहायला लागला आणि येईल त्याला सांगायला लागला, हितं बसू नका, झऱ्याकडं बसा. आयुष्यात त्याला कुणाशी आवाज चढवून बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. पण मुंबईच्या एका मोठ्या माणसाशी त्याची बाचाबाची झाली. तक्रार गेली. जुना साहेब बदलून गेला होता. नव्यानं भागोजीला बोलावून विचारलं की सरकारी जागेवर लोकांना बसायला मनाई करणारा तू कोण? तिथं माझी पोर हाय, असं भागोजीनं सांगितलं. तसं कुठं काही नोंदलेलं नव्हतं. बिल्ला काढून घेतला गेला.

तो घरी आला आणि रिकाम्या छातीचा डगला तिच्यापुढं ठेवला. त्यानं काय केलं ते तोवर गावातून तिच्या कानावर आलं होतं. आता काही तरी बोलावं असं तिला फार वाटलं. पण "जेवून घ्या," एवढंच ती म्हणाली.

पोटासाठी भागोजी न्हावा-शेव्याकडं मिठागरावर गेला. निघताना तिनं भाकऱ्या बांधून दिल्या, तेलाची कुपी दिली. मिठाच्या पाण्यानं पायांना भेगा पडतात हे तिनं ऐकलं होतं. "रोज पायाला लावत जा," ती म्हणाली. तो हो म्हणाला आणि खाचराच्या बांधावरून गेला. या खेपेला तो दृष्टीआड होईपर्यंत ती बघत राहिली. परत आला की बोलू, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

चैत्रात त्याच मिठागरावर काम करणारा गावचा सदा आला. तो दारात उभा राहिला आणि आत येईना, तेव्हाच ती समजली. भागोजीला थंडी-ताप झाला होता. आठवडाभरही काढला नाही. तिकडं लांब खाडीकाठी त्याला अग्नी दिला होता. सदानं सोबत तेलाची कुपी आणली होती. ती निम्मी भरलेली होती.

*

त्याच्या पुढच्या थंडीत पहिली मंडळी दाराशी आली आणि नेहमीसारखं विचारलं, पाणमाळाची वाट कुठली? आवडाबाईनं हात वर केला. आणि तो हात कोंडीच्या वाटेकडं गेला.

तिनं आधी काही ठरवलं नव्हतं. माणसं गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. संध्याकाळी ती परत येऊन रागावतील म्हणून ती दार ओढून आत बसली. पण माणसं हसत आली. कोंडीच्या ओढ्यात जांभळांच्या सावलीला मोठा डोह होता. मुलं पाण्यात खेळली होती, चढही फारसा लागला नव्हता. फार छान जागा आहे तुमची, असं सांगून ती गेली.

मग तिनं सगळ्यांनाच तिकडं पाठवायला सुरुवात केली. कुणाला शंका आली नाही. दोन हिवाळ्यांत मुंबईच्या माणसांच्या तोंडी कोंडीचंच नाव झालं. येणारी माणसं कोंडीचीच वाट विचारू लागली. खात्यानंही लोकांचा ओढा पाहून नवी पाटी त्या वाटेला लावली, तिकडं दगडी बाकं घातली. नव्या रखवालदाराला पाणमाळाची वाट साफ ठेवायचं कारण उरलं नाही.

आता वर कुणी जात नव्हतं. पारावर कुणी बसत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आवडाबाईला ते आठवे आणि तिला झोप लागे. भागोजी असता तर त्याला सांगितलं असतं, असंही वाटे, आणि मग झोप जाई.

पावसाळे आले आणि गेले. घाणेरी वाढली, कारवी दाटली, वाटेवर वरचे धोंडे उतरले. एका पावसाळ्यानंतर ती काठी घेऊन पाणमाळाच्या वाटेला लागली, तर पहिल्या वळणाच्या पुढं तिला जाता आलं नाही. पाऊल घालायला जागाच नव्हती. गावात कुणाला सांगावं तर कोण ऐकणार? राखीव रान तोडायला हात कोण लावणार? आणि ती वाट कुणामुळं मोडली हे तिला ठाऊक होतं.

एकोणीसशे एकोणचाळीसच्या थंडीत एक गाडी अंगणाशी थांबली. तैयबाला तिनं लगेच ओळखलं. फिरोजाला ओळखायला वेळ लागला. पोरीनं डोक्यावरून ओढणी घेतली होती आणि ती खाली बघत होती. तिचं लग्न ठरलं होतं, सासर मुंबईला. तैयबा म्हणाली, हिनं हट्टच धरला, जायच्या आधी एकदा मावशीकडं जायचं म्हणून. लहानपणी ज्या पारावर आपण झोपायचो तो काय होता ते फिरोजाला मागाहून आईनं सांगितलं होतं. ते तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं. तिनं ओंजळभर शेवंतीची फुलं आणली होती.

"मावशी, मला तिच्यावर फुलं घालायची हायेत," ती म्हणाली. "वाट दाखवा."

आवडाबाई उठली. तिघी अंगणापलीकडं गेल्या. जिथून वाट निघायची तिथं घाणेरीचं एक सलग रान होतं. आवडाबाईनं काठीनं एकीकडं फांद्या सारल्या, मग दुसरीकडं. इथंच एक धोंडा होता, ती म्हणाली. धोंडा सापडेना. थोडं पुढं एक पायवाटेसारखं दिसलं, म्हणून फिरोजा आत शिरली, तर ती रानडुकरांची वाट निघाली आणि दहा हातांवर बंद झाली. तिची ओढणी काट्यांत अडकून फाटली. तैयबानं ती सोडवली. हाताला ओरखडे आलेल्या तिघी परत बाहेर आल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या.

"इतकी माणसं जात होती," तैयबा म्हणाली. "कुठं गेली वाट?"

आवडाबाईला सांगता आलं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण फिरोजा फुलं धरून तिच्याकडं बघत होती, आणि तिच्यानं बोलवेना.

दिवस कलायच्या आत त्यांना मांडवा गाठायचा होता. फिरोजानं फुलं आवडाबाईच्या हातांत दिली. तुम्ही कधी गेलात तर माझ्या नावानं घाला, असं ती म्हणाली. आवडाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी निघाली. रस्त्याच्या वळणावर पोरीनं एकदा मागं वळून हात हलवला.

आवडाबाई फुलं घेऊन अंगणात उभी राहिली. ती कुठं ठेवावीत ते तिला सुचेना. शेवटी घरात जाऊन तिनं ती चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली. दोन दिवसांनी ती तिथंच सुकली.